चार मिनिटांतली तिंडी

आणि वर व्हिडिओच्या शेवटी पाटी काय, तर 'सर्वांनी मिळून तयार केले'. सर्वांनी म्हणजे कोणी? माझं नाव कुठंय त्यात? आवाज माझा होता, तुम्हाला सांगते.

झालं असं, की सहानाअक्का, माझी मोठी बहीण, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि मॅडमनी फर्मान काढलं की तिघातिघांनी मिळून रुग्णांसाठी चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा, पुढच्या वर्षीच्या मुलीही त्यावरूनच शिकणार. यांच्या वाट्याला आली थायरॉइडची गोळी, तीही मराठीत. चित्रं विश्वजीतची, मजकूर पुण्याहून आलेल्या ईश्वरीचा, आवाज अक्काचा, आणि नेमका अक्काचा घसा बसला. मग मी. हजेरीला 'येस मिस' म्हटलेलं जिचं पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही, ती मी. आमचं घर लष्कर मोहल्ल्यात, खाली अंबाजीरावमामांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान, दिवसभर टण् टण्... म्हणून मला कपाटात बसवलं, अंगावर दोन रजया, आणि दोन ठोक्यांच्या मधे एकेक वाक्य. घामाघूम झाले, पण बोलले.

ईश्वरीनं ऐकलं. "गोड आहे गं, पण 'तिंडीच्या आधी' ही कुठली मराठी? तिंडी कानडी झालं. न्याहारी म्हणायचं, बाळा." आणि सगळं स्वतःच बोलली. छान बोलली, खोटं कशाला सांगू... पण आधी आवाज माझा होता.

मग मॅडम म्हणाल्या, एका खऱ्या रुग्णाला दाखवा. खरा रुग्ण जिन्याखालीच. अंबाजीरावमामांनी हातोडा ठेवला, दोनदा पाहिलं. "बेस झालंय. पण ही न्याहारी कोण?"

"बरं, 'जेवणाआधी' करते," ईश्वरी म्हणाली.

मामा खुलले. "मग माझं बरोबरच आहे की. आठला चार इडल्या, साडेबाराला गोळी, एकला जेवण."

"मामा, इडल्या म्हणजे जेवण नाही?"

"इडली जेवण कशी होईल, पोरी? ती तिंडी."

सहा महिने मामांचे रिपोर्ट सुधरत नव्हते, डॉक्टर गोळी वाढवत होते, आणि गोळी बिचारी रोज इडल्यांच्या मागून जात होती...

ईश्वरीनं मुकाट्यानं 'तिंडी' म्हणून पाहिलं, दहादा. मामा मान हलवत राहिले. "तू म्हटलंस की कुणाचं आडनाव वाटतं. धाकटीला म्हणू दे." मला वाटलं, आता सगळा व्हिडिओ माझा. कसलं काय... माझ्या रेकॉर्डिंगमधून तो एक शब्द कापला आणि तिच्या वाक्यात डकवला, मागच्या टण्सकट. आवाज माझा होता, एवढाच.

आता अक्का बेंगळुरूला, विश्वजीत मस्कतला, ईश्वरी परत पुण्याला. आमच्या खोलीत जमिनीवर बसून, एका ताटात चित्रान्न खाताना एका शब्दावरून तासभर भांडणारं कुणी उरलं नाही. कपाटात रजया शहाण्यासारख्या घडी घालून बसल्यात. तेव्हा गुदमरायचं, आता कुणी बसवलं तर तिथं दिवसभर बसेन... पण बसवणार कोण?

मग मी शाळेतून आले की व्हिडिओ लावते. ईश्वरी बोलते, "गोळी घ्यावी सकाळी," मग मी, "तिंडी," मग टण्, मग ईश्वरी, "च्या अर्धा तास आधी." पुन्हा मागे नेते. तिंडी, टण्. तिंडी, टण्.

आणि स्वयंपाकघरातून आई, रोज, न चुकता, "ऐकलं गं, देते खायला. जरा दम धर."