बुचाचे आटे

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभी होती. खांद्याला कापडात गुंडाळलेली, नळीच्या तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक. कामावरून सुटलेला भाऊ तिला येऊन मिळाला.

"ताई, आजोबांच्या बंदुकीच्या नळीच्या बुडाचं बूच जाड बसवलंस ना शेवटी?"

"जाड बसवायला नळी आतून कोरली असती, तर ती पातळ झाली असती. किंचितच वाढवलं आणि आटे बारीक पाडले."

"आणि ते तोंडावर उडालं असतं म्हणजे?"

"आधी चापाला दोरी बांधून लांबून उडवली की. बूच केसभर हललं नाही."

"बाबा तर म्हणायचे, आता ही भिंतीवरच शोभेल."

"आज नेमबाजीच्या स्पर्धेत त्यांनीच उडवली."

"मग?"

"ते बघ, बाकावर बसलेत. जिंकलेल्या ढालीला मला हातसुद्धा लावू देत नाहीत."