जाऊन येतो

मंडळी, नमस्कार. पुण्याहून, सांगलीहून काही जण रात्रभर प्रवास करून चेन्नईला आला आहात. अड्यारच्या या हॉलमध्ये माणसं जास्त आणि पंखे कमी झाले आहेत, तरी थोडं सांभाळून घ्या. मला बोलायची सवय नाही असं नाही. अंबत्तूरच्या कारखान्यात मी ब्रेक तपासते, दिवसभर लोकांवर ओरडणं हेच माझं काम. पण आज जे वाक्य बोलायचं आहे ते काल रात्रीपासून घोकतेय. आणि इथल्या निम्म्या लोकांना ते ऐकायचंच नाही.

म्हणून आधी तेच बोलते. मूर्तीकाका गेले.

खरंच गेले.

शेजारपाजारचे जे आलेत, ज्यांनी काकांची पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांना वाटेल, ही बाई शोकसभेत हे काय सांगतेय? तर ऐका. काकांची सगळ्यात गाजलेली कादंबरी म्हणजे ‘मागची खुर्ची’. त्यात एक माणूस मरतो. म्हणजे एका चेन्नईत मरतो आणि शेजारच्या विश्वातल्या दुसऱ्या चेन्नईत जिवंत असतो. मग तो स्वतःच्याच शोकसभेला येतो आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसतो. सगळे डोळे मिटून उभे राहतात तेव्हा तो उठतो, ‘जाऊन येतो’ म्हणतो आणि दारातून निघून जातो. शेवटचं पान. पुढे काही नाही.

आता मी इथून समोर बघतेय. माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, आणि दाराजवळची ती खुर्ची रिकामी आहे. काकूंचे भाऊ सुब्बाराव मामा काठी टेकत तिथे बसायला गेले, तर त्यांना कुणीतरी सांगितलं, ‘जागा धरलेली आहे.’ कुणासाठी धरली आहे, सांगाल का? आणि खांबामागे जो मोबाईल दाराकडे रोखून ठेवलाय, तो कुणाचा? काढा तो. मी थांबते. घाई नाही मला.

हां.

मामा, तुम्ही बसा त्या खुर्चीवर. बसा, बसा, नीट टेकून बसा.

बघा, बसले. काही झालं नाही.

चिडले आहे मी, लपवत नाही. पण तुमच्यावर परकी म्हणून चिडलेली नाही. तुमच्यातलीच आहे मी. नोकरीसाठी या शहरात आले तेव्हा वेलचेरीत खोली घेतली होती, भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर एक म्हातारे लेखक राहतात असं कळलं आणि त्यांचं पुस्तक हातात आलं. पहिलंच पुस्तक वाचून मी इतकी बिथरले की दोन दिवस स्वतःच्या खोलीचं दार उघडायच्या आधी थांबायचे. आत दुसरी मी बसली असेल तर? वर जाऊन काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘सरी, बरं, मग तिला विचार, भाडं कोण देणार?’ आणि काकूंना म्हणाले, ‘हिला गरम कापी दे, घाबरलीय.’

त्या दिवसापासून मी त्यांची भक्त. भक्तच म्हणते, वाचक हा शब्द पुरत नाही.

तुम्हा सगळ्यांना त्यांच्या कादंबऱ्यांतली परग्रहावरची माणसं आवडतात. त्यांची ती विचित्र मराठी, ते जुने शब्द, मध्येच येणारे अनोळखी सूर. केवढे लेख लिहिले लोकांनी त्यावर. काकांनी नवी भाषा घडवली म्हणे. मी एकदा त्यांना विचारलं, ही भाषा कशी घडवलीत? ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, ‘अगो, माझी अम्मा असंच बोलायची. तंजावरातलं आमचं सगळं घर असंच बोलायचं. तुमच्या लोकांना ते दुसऱ्या ग्रहावरचं वाटतं, तर मी काय करू?’

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

इस्पितळातून काकांनी आपल्या वाचकांच्या ग्रुपवर शेवटचा निरोप टाकला. दोनच शब्द. ‘जाऊन येतो.’ आणि तिथून हे सुरू झालं. कादंबरीतलंच वाक्य, म्हणजे खूण आहे. म्हणजे हा खेळ आहे. म्हणजे काका कुठेतरी बसून आपली मजा बघताहेत. कुणी त्या शब्दांचे टी-शर्ट छापले. कुणी मला विचारलं, ‘तुम्ही वरखाली राहता, तुम्हाला माहीत असणार.’ इथवर मी गप्प राहिले असते.

पण तुमच्यातल्या कुणीतरी काकूंना फोन केला. ‘काकू, आता तरी सांगा, काका कुठे आहेत?’

एकाने नाही, बऱ्याच जणांनी केला. दोघं तर घरी आले आणि काकांची खोली बघू द्या म्हणाले. काकूंनी दाखवली. त्यांनी पलंगाखालीसुद्धा पाहिलं.

काकांना घरी आणलं तेव्हा इतकी गर्दी झाली की काकूंना कुणी नीट पुढे जाऊ दिलं नाही. चेहरा ओझरता दिसला, तेवढाच. आणि आता हे फोन. परवा संध्याकाळी त्यांनी माझा हात धरून विचारलं, ‘तू पाहिलंस ना? ते तेच होते ना?’

हे फोन सुरू झाल्यापासून काकू दाराची कडी लावत नाहीत. रोज रात्री दार नुसतं लोटून ठेवतात. एकटी बाई. मी खाली पडून त्या दाराचा आवाज ऐकत असते.

म्हणून सगळ्यांसमोर सांगते. काकू, मी पाहिलं. इस्पितळात मी शेजारी होते. त्यांचे पाय माझ्या हातात होते आणि ते गार पडले. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख, तेच, तुम्ही ओरडून ओरडून कापायला लावायचात ते, वाढलेलं होतं. ते तेच होते. दुसरं कुणी नव्हतं.

आणि मित्रांनो, ती खूण नव्हती. आपण निघताना ‘जातो’ म्हणतो का? आपण ‘येतो’ म्हणतो. तमिळमध्ये ‘जाऊन येतो’ म्हणतात आणि तंजावरच्या मराठी घरांत तेच मराठीतून म्हणतात. काका भाजी आणायला जाताना हेच म्हणायचे. दाढी करायला जाताना हेच म्हणायचे. ते आपला निरोप घेत होते, एवढंच. साधा निरोप. आणि आपण त्याचं कोडं केलं, जसं त्यांच्या अम्माच्या बोलण्याची परग्रहावरची भाषा केली होती.

मी काकूंना तो निरोप वाचून दाखवला. मग त्यांनी एकच विचारलं. ‘त्यांना कुणी जाऊन या म्हटलं की नाही?’

मी फोन उघडून पाहिला. ‘कुठे, सर?’ असं खूप जणांनी लिहिलं होतं. अंगठे होते, हसरे चेहरे होते. मीसुद्धा लिहिलं होतं, ‘काका, डॉक्टरांना विचारा आधी.’ घरातून कुणी निघालं की आतून ‘जाऊन या’ म्हणायचं असतं, तेवढं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुःखाच्या घरी हे शब्द उच्चारत नाहीत, मला माहीत आहे. आज इथून निघताना कुणीही काकूंना ‘येतो’ म्हणू नका, नुसते उठा आणि निघा. पण काकांचं उत्तर राहिलंय. ते द्यावं लागेल. काकू, तुम्हाला जमलं तर तुम्हीही म्हणा, नाही जमलं तरी चालेल. आज रात्री मी वर झोपायला येते. कडी आपण दोघी मिळून लावू.

आता सगळे उभे राहू या. मामा, तुम्ही बसूनच राहा. डोळे मिटा, आणि कृपा करून दाराकडे कुणी बघू नका. तिथे कुणी नाही. दोन मिनिटं शांत राहू, आणि मग सगळे मिळून म्हणू.

मूर्तीकाका, जाऊन या.