अनंता तांडेलाचे डोहाळे

नाही, पण तुम्हीच सांगा, ओकाऱ्या कुणाला व्हायला पाहिजेत? जिच्या पोटात पोर आहे तिला, बरोबर? सगळ्या जगात तसंच चालतं ना? मग आमच्या मढच्या कोळीवाड्यातच असं उलटं का व्हावं... की बायको मजेत चिंबोऱ्यांचं कालवण ओरपतेय आणि नवरा होडीच्या कडेला लोंबकळतोय!

तुम्हाला सांगतो, हा अनंता म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे, आमच्या होडीचा तांडेल! त्याचा शब्द शेवटचा. वादळात आम्ही सगळे आडवे झालो तरी हा सुकाणू धरून विडी ओढत बसणार. आणि होडीला नवं इंजिन बसवलं त्या वर्षी, दर्या परातीतल्या पाण्यासारखा सपाट... आणि तांडेल ओ-ओ करतोय! आमच्या खलाशांतला चंदर म्हणाला, "डिझेलचा वास लागला वाटतं." हरेश्वर म्हणाला, "कसला डिझेल रे? काल जास्त झाली असंल!" अहो, महिनाभर थेंबाला शिवला नव्हता तो! खरं कारण अगदी ओठावर आलं बिचाऱ्याच्या... पण बोलायची सोय आहे का? तीन महिने कुणाला सांगायचं नाही!

मला कसं कळलं म्हणता? त्याच्या नि आमच्या घरात एक कुडाची भिंत हो, तिकडे कुणी शिंकलं तर इकडे आम्ही नाक पुसतो!

आणि त्याची बायको मंजुळा... काय बाई आहे! डोक्यावर मासळीची टोपली, खाडी ओलांडून वर्सोवा, तिथून थेट पार्ल्याच्या गल्ल्या. गिऱ्हाईक नाक मुरडून विचारणार, "ताजं आहे का गं?" की ही म्हणणार, "बाय, तुझ्यापरीस ताजा हाय!" अनंता हातापाया पडला, अगं टोपली तरी ठेव खाली, तर म्हणते कशी, "टोपली डोक्यावर हाय रं, पोटावर नाय!"

पण बाहेर ही अशी वाघीण, आणि घरात? दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस गेले होते तिला. तेव्हा ओकाऱ्या रीतसर तिलाच. मग एका सकाळी सगळं थांबलं, बरं वाटतंय म्हणून हसली... आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. गाव सांत्वनाला आलं, त्यानं ती आणखी खचली. म्हणून या खेपेला दोघांनी ठरवलेलं, तीन महिने कुणाला सांगायचं नाही. पण हिला होईना काहीच! ना मळमळ, ना चक्कर. चुलीपुढे बसून हळूच विचारायची, "मना काय होत का नाय रं? ऱ्हायलंय ना नक्की?" आणि हा बाहेरून तोंड पुसत येऊन सांगायचा, "राहिलंय गं, राहिलंय! हे बघ ना माझं!" म्हणजे बघा, अख्ख्या घराला पुरावा काय, तर ह्याच्या ओकाऱ्या! तो सकाळी ओकला की हिचा जीव भांड्यात!

मग काय विचारता! तांडेलाच्या खिशात चिंच. तांडेल भर दुपारी जाळ्यावर घोरतोय. बोंबील तळायला घेतले की तांडेल नाक धरून पळतोय... बोंबील हो! कोळ्याला! हरेश्वर म्हणाला, बाधा झाली, भगत बोलवा. आला भगत, ओवाळला नारळ अनंतावरून. सांगणार काय? तीन महिने कुणाला सांगायचं नाही!

आणि एका सकाळी हा उठला तो... काही नाही! पोटात कडकडून भूक. सुक्या बोंबलाच्या वासानं तोंडाला पाणी सुटलेलं. बसला, भाकरी हाणली, दुसरी घेतली... आणि हात तिथंच थांबला. मंजुळाकडे बघितलं, तिचा चेहरा पांढराफटक. ह्यानं तिचा हात धरला, खाडी ओलांडली, गाठली अंधेरी.

पद्मजा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय त्रास?"

"ओकाऱ्या थांबल्या, बाई!"

"कधीपासून?"

"आज सकाळपास्नं! काल तर होडीतून पडायचा राहिलो!"

बाईंनी चष्मा काढला. "...तुमच्या?"

मंजुळाला आत नेऊन तपासलं. आणि बाहेर हा, वादळात विडी पेटवणारा माणूस, ह्याला एक काडी धड ओढता येईना! बाई आल्या. "पोटातलं छान वाढतंय हो. कुणाला खूप त्रास होतो, कुणाला काहीच होत नाही, दोन्ही ठीकच. आणि बहुतेकींच्या ओकाऱ्या तिसरा संपता संपता थांबतात. तुमच्या... वेळेवरच थांबल्या म्हणायच्या!"

तांडेल तिथंच बाकड्यावर ढसाढसा रडला. आणि ती? एक टिपूस नाही! पदरानं त्याचं तोंड पुसलं नि म्हणाली, "ओकाऱ्या तुझ्या, डोहाळे तुझे... आता कळा तेवढ्या मना ठेव रं, आई मी हाय!" सांगा, अशा बाईला हात नाही जोडायचे तर कुणाला?

बंदरावर उतरल्या उतरल्या अनंता ओरडला, "मंजुळाला दिवस गेलेत!" हरेश्वर म्हणाला, "मग तुला काय होत होतं?" हा म्हणाला, "तेच!"

झालं! आता आमच्या मढला कुठल्याही नव्या सुनेला मळमळायला लागलं, की बाया तिला डॉक्टरकडे नेत नाहीत, आधी तांडेलाच्या ओट्यावर आणून बसवतात. "तांडेल, हे कवा थांबतं हो?" आणि तो तरी काय करणार? विडी विझवतो, मान हलवतो... "तिसरा सरता सरता, पोरी. चिंच ठेव जवळ. आणि तोवर, कुणाला सांगायचं नाही!"