काढा आणि अबोला

वरवंट्याखाली गुळवेल ठेचल्याचा ठकठक आवाज मला अजून आठवतो. आमचे बाबा तापावर तिचा काढा साऱ्या गावाला देत. धानाच्या बांधावरून भांडण झाल्यापासून धाकटे काका त्यांच्याशी बोलत नव्हते. एकदा तेच तापानं थरथरत आमच्या अंगणात येऊन बसले.

"काऊन आलास? तोंड घरी ठेवून आलास का?" बाबा म्हणाले, पण काढा त्यांनी स्वतः गाळून दिला. काका गटागट प्यायले.

काढा घेतल्यावर न बोलता घरी जायचं, नाहीतर गुण येत नाही, हा बाबांचाच नियम. त्या दिवशी तेच म्हणाले, "एका शब्दानं काही बिघडत नाही गा. मी सांगून राहिलो ना, बोल."

काकांनी वाटी पालथी घातली आणि काही न बोलता निघून गेले.