तिसरी रजा

(इजिप्तमधलं तांता शहर, जुलैची दुपार. इन्साफच्या स्वयंपाकघरात ती आणि शेजारीण फिरदौस, दोघी म्हाताऱ्या, कोबीच्या उकडलेल्या पानांत भात भरून गुंडाळ्या करताहेत. समोर इन्साफची धाकटी मुलगी रिदा कागद पसरून बसली आहे.)

रिदा : …आणि हे या बाजूला कंपनीचं. नव्वद दिवस, पूर्ण पगार. पण नोकरीचे दहा महिने भरल्याशिवाय नाही.

फिरदौस : आणि तुझे किती भरलेत?

रिदा : नोकरीचे? अजून रुजूच कुठे झालेय?

फिरदौस : पोटाचे विचारतेय मी.

रिदा : चार.

इन्साफ : मग संपलंच. दहा महिने थांबेल इतका धीर आपल्या घराण्यात कुणाला नाही.

रिदा : आई, थट्टा नको. पाच वाजेपर्यंत मला कंपनीला फोन करून हो की नाही ते सांगायचंय. आता माझ्या आत्ताच्या सरकारी प्रयोगशाळेचं बघ. चार महिने, पूर्ण पगार. पण पगारच इतका तुटपुंजा की पूर्ण दिला काय आणि अर्धा दिला काय, माझ्या थोरल्याची, यासीनची, शाळेची फी भरली की पाकीट रिकामं. कंपनी दुप्पट देतेय.

फिरदौस : आणि हा कागद कसला? नुसती सहीची जागा दिसतेय.

रिदा : तो… राजीनामा. रुजू होतानाच सही करून द्यायचा. तारीख कोरी सोडायची.

फिरदौस : आण इकडे, बघू दे. अगं, हा तर माझा जुना दोस्त. चाळीस वर्षांत काही बदलला नाही मेला, कागद तेवढा गुळगुळीत झालाय.

रिदा : मावशी, तुम्हीही दिला होता?

फिरदौस : एक? पाच दिलेत. आमच्या शिवणकारखान्यात हेच. मुकादम मूळचा शिंपी. बाई मशीनवर कशी बसते एवढ्यावरून त्याला कळायचं किती महिने झालेत. नवऱ्याच्या आधी त्याला कळायचं. मग खण उघडायचा, कागद काढायचा, तारीख घालायचा. बाळ झालं की आम्ही परत दारात, आणि तो नव्याने घ्यायचा. नव्याने म्हणजे शिकाऊच्या पगारावर.

रिदा : चार मुलं ना तुम्हाला? मग पाच कागद कसे?

फिरदौस : एकदा ईदला बिस्किटं जास्त खाल्ली. पोट सुटलं. त्याने घातली तारीख. मी सांगतेय, अहो हे लोणी आहे, बाळ नाही. पण एकदा पडलेली तारीख कोण खोडणार? तीस वर्षं नोकरी केली गं, पण जुनी म्हणून कधी झालेच नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा मी नवीनच होते.

इन्साफ : आणि मी हिच्यासमोरून नाक वर करून जायची. टेलिफोन एक्स्चेंजमधली सरकारी बाई. बाळंतपणाची रजा तीन महिने, भरपगारी. थोरल्या मनालच्या वेळी, बाळंतिणीला देतात ती तूप घातलेली मुघात पिऊन पिऊन अशी सुटले होते की परत गेले तर ऑपरेटरच्या खुर्चीत मावेना.

फिरदौस : खुर्ची बदलून मागितली होती हिने. अर्ज करून.

इन्साफ : मिळालीही. सरकारच होतं ते.

रिदा : मला ठरवायचंय गं. हे बघ, मी असा विचार केलाय. पोटाचं आत्ता काही बोलायचं नाही. सैल कपडे घालायचे. डिसेंबरात बाळंतपण, पंचेचाळीस दिवसांनी परत कामावर. त्यांना माणूस हवंय, ते काढणार नाहीत. या बाळाचं निभावू कसंतरी. पुढच्या वेळी दहा महिने भरलेले असतील, तेव्हा हक्काची रजा घेईन.

इन्साफ : काय म्हणालीस?

रिदा : हक्काची रजा.

इन्साफ : त्याच्या आधी.

रिदा : या बाळाचं निभावू कसंतरी. का? तू नाही निभावलंस? मला चाळीस दिवसांची टाकून गेलीस ना कामावर? एक्स्चेंजमध्ये माणसं कमी होती, साहेबांनी हात जोडले. किती वेळा सांगितलंयस.

फिरदौस : पानं गार होताहेत, मनालच्या आई.

इन्साफ : होऊ देत. रिदा, माणसं कमी नव्हती.

रिदा : म्हणजे?

इन्साफ : एका खुर्चीला दोघीजणी होतो. एक बोर्डावर बसायची, दुसरी वाटाणे सोलायची. आणि साहेब माझे हात काय जोडणार? त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. निवृत्त होईपर्यंत मला सुआद म्हणत. सुआद वेगळीच होती, माझ्याहून बुटकी.

रिदा : मग का गेलीस?

इन्साफ : नियम होता, सबंध नोकरीत मिळून बाळंतपणाच्या रजा तीनच. एक मनालला गेली. एक मधल्या नजलाला. तुझ्या वेळी हातात एकच उरली होती.

रिदा : माझी.

इन्साफ : तुझी. अर्ज लिहून उशाखाली ठेवला होता. नर्स म्हणाली मुलगी, आणि मी पलंगावरच तो फाडला. दुसरा लिहिला. तीस दिवस वर्षाच्या रजेतले आणि दहा पाठदुखीचे. पाठ चांगली ठणठणीत होती.

रिदा : आणि ती उरलेली?

इन्साफ : ठेवली. चौथा मुलगा होईल, त्याला पुरे तीन महिने द्यायचे. कारकुनाने बजावलंही. म्हणाला, बाई, रजा आहे ही, लोणचं नव्हे, मुरायला ठेवायला. मला वाटलं, याला काय कळतं.

रिदा : मावशी, तुम्हाला माहीत होतं?

फिरदौस : मला विचारू नकोस बाई. मी भात भरतेय.

रिदा : चाळीस दिवस. आणि मग डब्याचं दूध.

इन्साफ : आजीच्या हातून. त्या डब्यावर तू तिघींत उंच झालीस. ते मी लोकांना असं सांगत फिरते, जसं काही माझंच कर्तृत्व.

रिदा : सोपं गेलं का तुला?

इन्साफ : ऑगस्ट होता. नवरे सगळे बगदादला, कुवेतला कामाला. बायका आमच्या बूथमध्ये यायच्या आणि काय बोलावं ते सुचेना की बाळच धरायच्या फोनपाशी. ऐका, तुमचं लेकरू रडतंय. ते तिकडे ऐकायचे, मी मध्ये ऐकायची. आणि इकडे माझं दूध सुटायचं. झगा छातीवर भिजायचा. मग मी लोकरीचं जाकीट घालून बसायला लागले, ते तपकिरी. ऑगस्टात. बाजूची म्हणायची, इन्साफ, ताप आहे का तुला? मी म्हणायची हो, आहे. एकदा एकाचं तीन मिनिटांत आटपेना, बाळ रडतंय, बाप रडतोय, आणि नियमाप्रमाणे मला मध्ये बोलायचं होतं की तीन मिनिटं झाली. त्याला नऊ मिनिटं मिळाली. सरकारची एवढीच फसवणूक केली मी, पाठदुखी सोडली तर.

रिदा : आणि चौथा?

इन्साफ : आलाच नाही. निवृत्त झाले तेव्हा फाइलीत लिहिलेलं होतं, प्रसूती रजा, शिल्लक एक. बावन्न सह्या झाल्या त्या दिवशी, पण त्या ओळीपाशी माझा हात थांबला. कारकून नवीन होता. म्हणाला, आजी, ही आता वापरायची आहे का?

फिरदौस : हे मला नव्हतं सांगितलंस कधी.

इन्साफ : सांगण्यासारखं काय आहे त्यात? तुझ्या मुकादमाने निदान कागदावर तारीख घातली. मी तर लेकीच्या वाट्याची तारीखच कोरी सोडली.

रिदा : बाबांना माहीत होतं?

इन्साफ : त्यांनीच तुझं नाव रिदा ठेवलं. समाधान. तो मला टोमणा होता की त्यांचं खरंच तसं होतं, यावर तीस वर्षं विचार केला. विचारलं कधी नाही. आता तर सोयच राहिली नाही.

रिदा : पावणेपाच झाले. दे तो फोन.

फिरदौस : अगं, दोन मिनिटं थांब, पाणी पी.

रिदा : हॅलो. हो, रिदा बोलतेय, तुमच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेच्या जागेसाठी. हो, यायची इच्छा आहे. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. तो राजीनाम्याचा कागद मी आधी सही करून देणार नाही. आणि मला चौथा महिना आहे… हो. डिसेंबरात… बरं… बरं. आभारी आहे.

इन्साफ : काय म्हणाली ती बाई?

रिदा : अभिनंदन म्हणाली.

फिरदौस : आणि?

रिदा : आणि जागा भरली म्हणाली.

फिरदौस : कधी भरली?

रिदा : बोलता बोलता भरली असणार.

इन्साफ : आम्ही लाइन तोडायच्या आधी निदान सांगायचो तरी.

फिरदौस : दुप्पट पगार गेला गं पोरी.

रिदा : गेला. यासीनच्या शाळेचं बघू. चार महिने घरी बसेन सरकारच्या खर्चाने, आणि मीही खुर्ची बदलून मागेन.

इन्साफ : माझ्यामुळे गेला. मी गप्प बसले असते तर—

रिदा : तू पस्तीस वर्षं गप्प बसलीसच की.

इन्साफ : रिदा, ती माझी रजा अजून शिल्लक आहे. डिसेंबरात घेऊ का? तुझ्याकडे येऊन राहते. पुरे तीन महिने.

रिदा : तीन महिने नको.

इन्साफ : बरं. तू म्हणशील तसं.

रिदा : नव्वदातले चाळीस मला मिळालेत, पाठदुखीचे धरून. ते वजा कर. पन्नास उरतात.

इन्साफ : पन्नास.

रिदा : एकही दिवस कमी चालणार नाही. आणि ते तपकिरी जाकीट आहे का अजून?

इन्साफ : आहे. कपाटात, खालच्या खणात. का?

रिदा : आण येताना. डिसेंबरात आमच्या घरी गारठा असतो.