स्नेडवरचं माप

आमच्या यॉर्कशायरच्या गावात अवजारांच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. पुढे मेव्हिस, हातात तिच्या वारलेल्या नवऱ्याचा, उभ्याने गवत कापायचा दोन मुठींचा लांब विळा. सोबत नणंद एनिड. गल्ल्यावर जेफ.

"दांडा बदलायचाय का, बाई?"

"दांडा फावड्याला असतो, जेफ. ह्याला स्नेड म्हणतात. किती वेळा सांगायचं?"

"संगणकात स्नेड सापडत नाही."

"मग संगणक ठेव बाजूला. ह्या दोन मुठी सैल कर आणि माझ्या हाताला बसव."

"अगं मेव्हिस, त्या दादाच्या मापाच्या आहेत. खालच्या मुठीवर कोपर टेकलं की त्याची बोटं बरोबर वरच्या मुठीला लागायची. तेवढंच त्याचं माप उरलंय."

"एनिड, त्याच्या थडग्यावर गवत गुडघ्याएवढं झालंय. ह्या मुठींपर्यंत माझा हात पुरत नाही. कशी कापू?"

"कुणाकडून तरी कापून घे."

"त्याने जन्मात कुणाकडून एक काडी कापून घेतली नाही."

जेफने पाना हातात घेतला.

"जुन्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवू का, बाई?"

"नको. त्याचा हात केवढा होता ते मला ठाऊक आहे. माझी बोटं कुठवर येतात तेवढं बघ."