सुलभावहिनी आणि नितीनचा अर्ज

मंडळी, सगळे आलात, बरं वाटलं. अशा सभेत गोडच बोलायचं असतं. मला आज ते जमणार नाही. डोकं फिरलंय माझं, सांभाळून घ्या.

सुलभावहिनी गेल्या. मालाडच्या या चाळीत चाळीस वर्षं आमची भिंत एक. शेवटपर्यंत एकच विचारायच्या, "भाऊजी, पोराचं कुठवर आलं?"

काय सांगणार होतो मी?

वैशाली, आज बोलू ना गं? तुझ्या आईने कधी बोलू दिलं नाही. मंडळी, तुम्हाला सांगत आलो तसा वहिनींचा नितीन बोटीवर नोकरीला नाही. तो आखातात तुरुंगात आहे. गुन्हा केला, शिक्षा झाली. सोडा त्याला, असं आम्ही कधी म्हटलं नाही. दोन देशांचा करार आहे, उरलेली शिक्षा आपल्याकडे, घराजवळ भोगता येते. तेवढंच मागितलं. वहिनी विचारायच्या, "ठाण्याच्या जेलात वडे-सागोती नेऊ देतील काय हो?" मी म्हणायचो, "नाही देणार." "मग नुसतं तोंड बघीन."

अर्ज मी भरला. सातवी शिकलेला माणूस, शब्दकोश घेऊन बसलो. मग चौकशीला हवालदार आला. वहिनी दवाखान्यात, वैशाली कामावर. नळावर ही गर्दी. त्याने मोठ्याने विचारलं, "नितीन जेलात आहे, त्याचं घर हेच का?" आणि मी, अर्ज भरणारा मी, ताडकन म्हणालो, "ओ साहेब, पोरगा बोटीवर आहे! आमच्या चाळीत असलं काही नाही!" तीन वर्षांची सवय हो. नळावरच्यांनीही माना डोलावल्या. त्याने लिहून टाकलं, या पत्त्यावर कैद्याचं कुटुंब नाही.

चूक माझी. दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन कान पकडले. पण एक ओळ दुरुस्त करायला दीड वर्ष? वहिनी माझ्यासोबत सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर उभ्या, आणि आतला कारकून मला म्हणतो, "आजोबा, रेकॉर्डप्रमाणे त्याला कुटुंब नाही." वहिनी म्हणाल्या, "मग मी कोण, त्याची बोट?" तो हसला. फाईल नाही हलली. मग म्हणे कागद दिल्लीला गेले. मग म्हणे नितीनची संमती जुनी झाली, नवी सही आणा. सही आली तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळलेल्या.

परवा कळवायला गेलो, आई वारली. विचारतात, "मग आता कुणाजवळ आणायचं?"

अरे, बहीण आहे ना! आम्ही काय मेलोय?

नितीनला फोनवर सांगितलं. बराच वेळ रडला. मग म्हणतो, "काका, अर्ज मागे घेतो. आता येऊन काय करू?" मी म्हटलं, "गप रे. मागे घेतलास तर बघ. तुझी बहीण दर महिन्याला भेटीला येईल, आणि तिच्या मागे मी येईन."

बाहेर टेबलावर कागद ठेवलाय. नितीन आमच्या चाळीतला, आम्ही त्याला ओळखतो, एवढंच लिहिलंय. जाताना सह्या करा. लाजू नका. लाजून काय झालं ते बघताय ना?

वहिनी, तुमचं गुपित फोडलं. रागवा मला, हक्क आहे तुमचा.

चला, उभे राहा सगळे. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मीसुद्धा.